घानाच्या टॉवरला मुलुंडचं गाऱ्हाणं

ये गं, बस अशी जवळ. तिथे नको, त्या खुर्चीचा पाय हलतो. गणपतीनंतर आज तोंड दाखवतेस, आणि चप्पल काढायच्या आधी दारातूनच विचारतेस, "काकू, ते घानाचं काय झालं?" उभ्याउभ्या सांगायची गोष्ट आहे का ती? आधी पाणी पी.

तर, माझा मुलगा घाना देशात मोबाइलचे टॉवर उभे करतो आणि मी मुलुंडला बसून त्या टॉवरांना गाऱ्हाणं घालते. आमच्या घरात कामं अशी वाटून घेतलेली आहेत.

हसू नकोस. घाना कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का तुला? आफ्रिकेच्या नकाशात डावीकडे मोठा फुगवटा आहे ना, त्याच्या पोटाखाली. मलाही ठाऊक नव्हतं. प्रसादला तिकडची नोकरी लागली तेव्हा मी विचारलं होतं, "अरे, तिथून फोन तरी लागतो का?"

"आई, तो लागावा म्हणूनच तर मला नेतायत!"

तेव्हापासून मला त्या देशाच्या फोनचं वेडच लागलं. बाकीच्या आया रविवारी मुलाला विचारतात, "जेवलास का?" मी विचारते, "मग पुढे काय झालं त्या फोनचं?" प्रसादचे तिथले घरमालक आजोबा फार गोष्टीवेल्हाळ. ते त्याला सांगायचे, तो मला सांगायचा, आणि मी खाली भाजीवाल्याला सांगायचे (त्यानं आता आमच्या बिल्डिंगसमोर गाडी लावणं बंद केलंय). पूर्वी म्हणे तिथे फोन असायचा तो पोस्टात नाहीतर बड्या लोकांच्या घरी. मग आले मोबाइल. एकेक वरवंट्याएवढा! खिशात ठेवला तर पँट आधी खाली यायची. आणि रेंज तरी कुठे होती? उत्तरेकडच्या एका गावात फक्त आंब्याच्या झाडावर यायची, तीही दुसऱ्या फांदीला. लोक लग्नं ठरवायला फांदीवर चढायचे! मग रस्तोरस्ती छत्र्या उघडून बायका बसल्या, फोनमध्ये बॅलन्स भरून द्यायला. आता त्याच छत्रीखाली अख्खी बँक चालते. नारळवाल्याला पैसे द्यायचे तरी फोनमधून, चर्चच्या पेटीत टाकायचे तरी फोनमधून. आपल्याकडे हे यायच्या कितीतरी आधीपासून, बरं का! मी थक्क. म्हटलं, आपण उगाच समजत होतो की जगातली सगळी अक्कल ठाणे जिल्ह्याच्या अलीकडेच संपते.

आणि इकडे आमचं घर! टेकडीच्या कुशीत, खिडकीतून हिरवंगार, आणि रेंज म्हणशील तर फक्त गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात. तुळस आणि वाळत घातलेले पंचे यांच्या मधोमध. मुलगा अख्ख्या घानाला नेटवर्क देतो आणि आई मुलुंडमध्ये गजाला नाक लावून "हॅलो, हॅलो" करते. वायफाय घेतलं होतं, त्याची वायर उंदरांनी खाल्ली. (उंदरांना मात्र फुल्ल रेंज!)

आता गाऱ्हाण्याचं सांगते. एकदा प्रसाद म्हणाला, "आई, आज नवीन टॉवरचं काम सुरू केलं. आधी गावातला म्हातारा आला, बाटलीतनं जमिनीवर थेंब थेंब ओतत काहीतरी मोठमोठ्यानं म्हणत राहिला. तो एक वाक्य म्हणायचा आणि सगळे एका सुरात होकार द्यायचे."

मी गॅलरीतच ओरडले, "अरे, हे तर आपलं गाऱ्हाणं!"

आमचं गाव कुडाळजवळ. आमच्याकडे कुठलंही काम काढायचं तर आधी जागा राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा मान, आणि एकानं गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी विचार केला, त्यांचा म्हातारा त्यांच्या देवाला सांगतो, मग टॉवरवर चढणारा मुलगा आमचा, त्याचं आमच्या देवाला कोण सांगणार? खरं तर गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं. पण आमचे हे देवासमोर उभे राहिले की त्यांना खोकलाच येतो. म्हणून मीच घालू लागले. प्रत्येक टॉवरला एक, फोनमध्ये बोलून, प्रसादला पाठवून.

"बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू परमुलखात त्या लोखंडाच्या झाडार चढता हा म्हाराजा!"

(पेपरामागून हे: "व्हय म्हाराजा!")

"तेचो पाय घसरा नये, तेका वारो लागा नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या टॉवराक कोणाची वायट नजर लागली आसात, तर ती भायरच्या भायर काढून टाक म्हाराजा! आणि जेच्या फोनात रेंज नाय, तेका रेंज दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा! आणि आमकाय दी!"

मला वाटतं, शेवटचं ते मनापासून म्हणायचे.

आता घोळ कसा झाला बघ. घानामध्ये माणसाकडे एकच सिम असेल तर त्याला लोक गरीब समजतात. एक सिम शहरात चालतं, दुसरं हमरस्त्यावर, तिसऱ्यावर इंटरनेट स्वस्त, चौथ्यात पैसे. प्रसादकडेही तसंच. त्याची बदली उत्तरेला तमालेला झाली, तिथे त्याचं पहिलं सिम चालेना, म्हणून त्यानं ते सोडून दिलं. मला म्हणाला, "आई, माझा जुना नंबर पुसून टाक."

मी म्हटलं, "शुभ बोल रे नाऱ्या! पोटच्या पोराचं नाव पुसायचं? कुणी सांगितलंय!"

"अगं, नाव नाही, नंबर."

"नंबरावर तुझंच नाव आहे ना? मग?"

जिवंत माणसाचं नाव आमच्याकडे कुठूनच पुसत नाहीत. भिंतीवर मुलांची उंची मोजून नावं लिहिली होती ना, त्यावर आम्ही रंगसुद्धा दिलेला नाही. मी नंबर ठेवला. वर "प्रसाद जुना" असं लिहिलं, आणि दुसरा "प्रसाद नवा". आणि जुनं ते सोनं म्हणून गाऱ्हाणी पाठवत राहिले कुठे? जुन्यावर!

काही दिवस तिकडून काहीच नाही. मग एक दिवस उत्तर आलं. हात जोडलेले! दुसऱ्या दिवशी गुलाबाचं फूल! तिसऱ्या टॉवरला तीन फुलं आणि एक नाचणारी बाई! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं गं. जो मुलगा वाढदिवसाला "थँक्स" एवढंच लिहितो, तो फुलं पाठवतोय! मी बिल्डिंगभर सांगितलं, परदेशात राहून मुलं बिघडतात म्हणतात, आमचा सुधारला.

मग त्यानं मासळीचा फोटो पाठवला. धुरावर खरपूस केलेली, टोपलीत रचलेली. म्हटलं, पोराला बांगड्याची आठवण येतेय. लगेच तिखलं कसं करायचं ते त्रिफळासकट बोलून पाठवलं. मग आला एका तान्ह्या बाळाचा फोटो. गुटगुटीत, काळंभोर, डोळे असे टपोरे! ऑफिसातल्या कुणाचं तरी असेल, असं मी धरून चालले. पण असं बाळ उघडंवाघडं जगाला दाखवतात का? मी माझ्या भाचीच्या लेकाचा फोटो पाठवला, गालावर रुपयाएवढी काजळाची तीट लावलेला, म्हणजे आपोआप समजेल. आलं उत्तर: हात जोडलेले, फूल, नाचणारी बाई.

रविवारी प्रसादचा फोन यायचा. मी विचारायचे, "गाऱ्हाणं मिळालं?" तो म्हणायचा, "हो हो, मिळालं." "ऐकलंस?" "हो हो, ऐकलं." झालं! मी समाधानी.

पण खरी काळजी होती त्याच्या लग्नाची. पस्तिशीला टेकला होता, आणि "मुलगा आफ्रिकेत" म्हटलं की मुलीकडचे चहाचा कप अर्धा ठेवून उठायचे. अशात मालाडचं एक स्थळ आलं. मधुरा. शाळेत भूगोल शिकवते. ती एकटी अशी निघाली की तिनं पगार नाही विचारला, विचारलं, "घानात कुठे? किनाऱ्याला की वर गवताळ भागात?" मी मनात म्हटलं, हीच! ही गेली तर दुसरी मिळायची नाही.

अडचण होती तिच्या आत्याची. आत्याच्या ओळखीत कुणा मुलाचं परदेशात दुसरं घर निघालं होतं, तेव्हापासून आत्या अख्ख्या परदेशावर संशय घेऊन होती. ती म्हणाली, "मुलाला समोर बघितल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. आणि तो राहतो ती खोलीही बघायचीय. फोन फिरवून, चारी कोपरे!"

ठरलं. शनिवारी संध्याकाळी पाचला सगळे आमच्याकडे, आणि प्रसाद व्हिडिओवर. तिकडे सकाळ असते, आपण साडेपाच तास पुढे. ("एवढ्याच बाबतीत पुढे," इति आमचे हे.)

मंडळी आली. मधुरा, तिचे आईवडील, आणि आत्या. मालाडहून मुलुंडला येताना लिंक रोडला रिक्षा अडकल्यामुळे आत्या आधीच तापलेली. पोहे झाले, चहा झाला. मग मी अगदी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "चला, मुलगा बघायला गॅलरीत."

"गॅलरीत? मुलगा गॅलरीत आहे?"

"रेंज गॅलरीत आहे."

बाई गं, आमची गॅलरी म्हणजे उभ्यानं भाजी निवडायची जागा. तीत सहा माणसं कोंबली. मधुराच्या बाबांच्या डोक्यावर ह्यांचा पंचा, आईच्या पोटात तुळस, आणि आत्या, पोह्यांची बशी हातात घेऊन, सगळ्यात पुढे. मी "प्रसाद नवा" लावला. लागेना. परत लावला. लागेना.

आत्या म्हणाली, "नेटवर्कचं काम करतो म्हणालात ना?"

हातचं स्थळ चाललं! आणि त्या घाईत मला वाटलं, जुना लावावा. जुना किती गुणाचा, रोज फुलं पाठवतो. दाबला.

पहिल्या रिंगला उचलला!

पडद्यावर एक बाई. डोक्याला केशरी-निळा फेटा, मागे धुराची भट्टी, मांडीवर बाळ. तिनं मला बघितलं आणि अशी काही किंचाळली आनंदानं:

"मामा! मामा इंडिया!"

मला ठाऊक होतं, तिकडे वयानं मोठ्या बाईला सगळेच मामा म्हणतात, प्रसादनं सांगितलं होतं. पण आत्याला कुठे ठाऊक? ती माझ्याकडे वळली. "मामा म्हणजे आई ना? ही तुम्हाला आई का म्हणते?"

"नाही हो, म्हणजे, ही कोण आहे तेच मला…"

"तुम्ही ओळखत नाही, आणि ती तुम्हाला ओळखते?"

तेवढ्यात त्या बाईनं कौतुकानं बाळ उचलून पडद्याला लावलं. आणि बाळाच्या गालावर, देवा रवळनाथा, काजळाची तीट! रुपयाएवढी!

आत्याच्या हातातली बशी तुळशीत. "तीट! आपल्याकडची तीट! दादा, बघ! आता मूलसुद्धा निघालं!"

"आत्या, ओरडू नकोस," मधुरा म्हणाली.

"ओरडू नको? नातू कडेवर घेऊन सून उभी आहे, आणि ह्या आपल्याला पोहे खायला घालतायत!"

खालून दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वर तोंड करून उभ्या राहिल्या. तिकडे त्या बाईनं हाक मारून आणखी चारपाच जणी गोळा केल्या. सगळ्या एका सुरात, "मामा! मामा!" आत्या मोजायलाच लागली! मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं काहीतरी बोला. तर त्या बायकांनी काय करावं? माना खाली घातल्या, डोळे मिटले, आणि पहिली म्हणाली, "मामा, प्रे!"

मी काय करणार? माझी मतीच गुंग. तोंडातून आपोआप निघालं, "बा देवा म्हाराजा!"

आणि घानाहून एकदम खणखणीत आलं: "आमेन!"

आणि आमच्या ह्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं: "व्हय म्हाराजा!"

मधुरा फिस्सकन हसली. तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि सरळ इंग्रजीत त्या बाईशी बोलायला लागली. काय काय विचारत होती, आणि ती बाई हात नाचवून सांगत होती. मग मधुरानं आम्हाला सांगितलं.

त्या बाईचं नाव कम्फर्ट. घानात टेमा म्हणून बंदर आहे, तिथे मासळी धुरावते आणि विकते. बाळ तिच्या मुलीचं. छत्रीवालीकडून तिनं नवीन सिम घेतलं, नंबर नेमका प्रसादनं सोडलेला, आणि दुसऱ्याच आठवड्यापासून त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज यायला लागला. भाषा कळेना. पण मध्येमध्ये थांबायची तऱ्हा ऐकून ती उमजली, की ही प्रार्थना आहे, आणि ह्या रिकाम्या जागा आपल्याला आमेन म्हणायला सोडल्या आहेत. (ज्या दिवशी हे बाजारात गेलेले असायचे, त्या दिवशीच्या असणार त्या जागा.) मग तिनं मैत्रिणींना ऐकवलं. आता भट्टी पेटवायच्या आधी सगळ्या मिळून ऐकतात. तिखल्याच्या कृतीलासुद्धा आमेन म्हणाल्या होत्या!

"आणि तीट?" आत्यानं विचारलं. आवाज थोडा खाली आला होता.

"काकूंनी फोटो पाठवला होता ना? तिला वाटलं, आशीर्वादाची खूण आहे."

"आणि प्रसाद?"

मधुरानं विचारलं. कम्फर्ट म्हणाली, "हू?"

माझ्या जिवात जीव आला. पण तो राहू द्यायचा होता का देवाला? नेमका तेवढ्यात "प्रसाद नवा"चा फोन आला. डोक्याला हेल्मेट, मागे वारा, मागे टॉवर. "नमस्कार, सॉरी, आज इथे फोर-जी चालू करतोय, त्यासाठी जुनं बंद ठेवलं होतं…"

मधुरानं फोन समोर धरला. "नमस्कार. एकच विचारू? आईंची गाऱ्हाणी ऐकता का तुम्ही?"

"हो हो! ऐकतो ना."

"परवाचं ऐकलंत?"

"हो हो, छान होतं."

खाली वहिनींनी हातातली लसूण सोलायची थांबवली. मी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, आणि ह्या वेळी माझ्या मुलानं स्वतः घालवलं!

आत्या म्हणाली, "चला, निघा. पहिल्या भेटीतच खोटं."

"ती सगळी टेमाला एका मासेवाल्या बाईंकडे गेलीत," मधुरा त्याला म्हणाली. "तुम्हाला एकही मिळालेलं नाही. मग हो हो का म्हणता?"

त्याचे कान लाल झालेले मुलुंडपर्यंत दिसले. म्हणाला, "मिळालं नाही म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, 'मग कसलं नेटवर्क बसवतोस?' मला वाटलं, माझ्याच टॉवरनं खाल्ली. मी दोन रविवार अँटेना तपासल्या." मग म्हणाला, "आणि नंतर तिला 'परत पाठव' म्हणायची लाज वाटत होती. तिचा आवाज ऐकायला बरं वाटायचं."

मी पदर नाकाला लावला. (धुणं ओलं होतं, सर्दी होते.)

मधुरा आम्हाला म्हणाली, "तुम्ही सगळे आत बसा. मी बोलते."

आत आम्ही चौघं नि आत्या, एकमेकांच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत. बाहेर तिचं बोलणं चालू. कधी हसणं, कधी काहीच नाही. मला देवाला काही सांगायचंसुद्धा सुचेना, इतकं सगळं मी टॉवरांवर खर्चून बसले होते. शेवटी आत्याच खाकरली. मला वाटलं, आता हिशेब करणार माझा.

तर म्हणते, "ती मासळी… खारवून धुरावते, का तशीच?"

"नाही विचारलं हो."

"आमचं माहेर वर्सोव्याजवळ. आमच्या शेजारी सुकवायचे. धुरावलेली मी कधी खाल्ली नाही." मग माझ्याकडे सरकून, "परत लावता येईल का तिला?"

मधुरा आत आली. फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "त्याला खोटं पचत नाही, आत्या. कान लगेच लाल होतात. नवऱ्याच्या बाबतीत ही सोयच आहे. मला चालेल."

तर असा साखरपुडा ठरला, डिसेंबरात आहे. प्रसाद यायचाय, आणि आत्यानं कम्फर्टला परस्पर आमंत्रणही दिलंय. दोघी रोज बोलतात. एक मराठीत, एक इंग्रजीत, विषय मासळी. मला मध्ये घेतसुद्धा नाहीत!

आता मुलाला गाऱ्हाणं बरोबर नंबरवर जातं. मधुरानं स्वतः लावून दिलंय. तो ऐकतोही, शपथेवर सांगतो. पण उत्तर काय येतं माहितीये? अंगठा! पाच मिनिटं मी घसा फोडून देवाला आळवते, आणि पोटचा मुलगा अंगठा दाखवतो. तिकडून मात्र अजून फुलं, आमेन आणि ती नाचणारी बाई. मग तूच सांग, मी आधी कुणाला पाठवत असेन? काल कम्फर्टनं कळवलं, बंदरावर आता मला मुलुंडची मोठी धर्मगुरू समजतात. आणि इथे मुलुंडमध्ये सोसायटीचा सेक्रेटरी मला सांगून गेलाय, गॅलरीत ओरडू नका.

निघालीस? बरं, पण लवकर ये परत. तोंडासमोर बसून ऐकणारं माणूस आता ह्या घरात राहिलं नाही, हे तर व्हय म्हणता म्हणता पेपरामागे घोरतात. आणि येताना फोन करू नकोस, सरळ दार वाजव. माझ्या बोटांचा भरवसा नाही गं. तू मुलुंडला पोचशील, आणि तुझ्यासाठी चहाचं आधण टेमाच्या बंदरावर ठेवलेलं असेल.